त्याच्या उशाशी कोण बसलं होतं?

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी मानत नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी खुशाल उठून शेतात निंदायला निघून जायची. आजही मानत नाही. पण एक गोष्ट अशी घडली की तिच्यापुढं माझं डोकं चालत नाही. सांगते मी, टाईप नात करतेय. माझी वऱ्हाडी तिनं जागोजागी सरळ केली आहे.

साल एकसष्ट की बासष्ट... उन्हाळा होता. माझा नवरा वणीला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. आवारातच आमची खोली. त्याला छातीचं दुखणं लागलं, काम सुटलं, तशी खोलीही सुटली. त्याला घेऊन मी यवतमाळला आले. एका दवाखान्यात त्याला खाट मिळाली. मला कुठंच काही नाही.

नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ तेवढं आत सोडत. बाकी वेळ बाहेर. धर्मशाळेत गेले तर तिथला म्हातारा म्हणाला, "माणूस संगं नसन त बाईले जागा भेटत नाही."

"माणूस दवाखान्यात हाये जी."

"मंग त्यालेच घिऊन ये."

मोटारस्टँडवर बसले तर काठी. दुकानाच्या पायरीवर टेकले तर अंगावर पाणी. शेवटी दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली तीन दगड मांडले. तिथंच त्याच्यासाठी पेज शिजवायची, तिथंच निजायची. कोणी विचारलं, कुठं राहतेस, तर मी फाटकाकडं बोट दाखवायची.

त्या दिवशी कोणी मोठे साहेब येणार होते. रस्त्याच्या कडेला चुना मारला होता. पेजेचा डबा घेऊन मी फाटक उघडायची वाट पाहत होते, तर ट्रक येऊन थांबला. दोघांनी मला दंडाला धरलं.

"माहा माणूस अंदर हाये जी! पेज द्याची हाये त्याले!"

"सगळ्याच भिकारणी असंच सांगतेत," एक जण म्हणाला. ट्रकात ढकलताना डबा पडला. पेज रस्त्यावर सांडली. ट्रक कोणाचा, कोणी पाठवला – कधीच कळलं नाही.

ट्रकात एक आंधळा बाबा होता, लेकरं घेतलेली एक बाई होती. ओरडून ओरडून माझा घसा बसला. बाबा म्हणाला, "कायले रडतं बाई? कोणी मोठा आला का आपल्याले जंगल दाखवतेत. साहेब गेला का या वापस."

"तवरिक तो राहीन का, बाबा?"



कळंबच्या पुढं सागाच्या जंगलात आम्हाला उतरवून ट्रक निघून गेला. सूर्य बुडत आला होता. मी पळत सुटले. भेटीची वेळ सरून चालली असेल, तो दाराकडं बघत असेल... एवढंच डोळ्यांपुढं. पायात काही नव्हतं. तापलेल्या रस्त्यानं पाय फुटले. एका कडब्याच्या गाडीवाल्यानं थोडं अंतर बसवलं, बाकी सारं पायी. दवाखान्यात पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं.

खाट रिकामी. गादी गुंडाळलेली.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको, तांड्यावरची गोमलीबाई, मला पाहून उठून उभी राहिली. "आता काहून आली? तो गेला तवा त इथंच होती. मंग त्याले टाकून कुठं गेलती?"

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. रोज मला नावानं हाक मारायच्या. आल्या त्या रागावतच. "शेवंता, मयत सोडून असं निघून जातात का? तो हात सोडेना म्हणून नियम मोडून रात्रभर बसू दिलं तुला!"

"मी नव्हते जी सिस्टर. मले ट्रकात घालून जंगलात नेलं होतं..." मी पाय दाखवले. सिस्टरांनी पायांकडं पाहिलं आणि त्या तिथंच स्टुलावर बसल्या.

गोमलीबाई हळू आवाजात सांगायला लागली. "सांजच्याले तू आली. हेच लुगडं. पेज चारली, त्यानं पुरी खाल्ली. मंग त्याचं डोकं मांडीवर घिऊन बसली. पहाटे त्यानं तुह्या कानात काई सांगतलं. तू हासली."

"काय सांगतलं?"

"मले कसं मालूम होईन, बाई? तुलेच त सांगतलं."

दुसरीच कोणी बाई असेल म्हणावं, तर दोघींनीही मला रोज पाहिलेलं. कोणी म्हणतं, देव आला तुझ्या रूपात. देवच होता, तर त्यानं आधी तो ट्रक नसता का थांबवला? नात म्हणते, आजी, आजोबा एकटे गेले नाहीत, हे तरी बरं झालं ना? हो, बरं झालं. मी स्वतःला तेच सांगत आले.

पण त्याचं शेवटचं बोलणं ऐकून जी हसली, ती मी नव्हते. आणि मीच असेन... तर तो काय म्हणाला, ते मला कोणीतरी सांगा.