मामांचं कोलियस

सर्व संबंधितांना, म्हणजे सहकार खातं, तालुक्याचा दूध संघ आणि माझी सासुरवाडी यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की दिंद्रुडच्या अलीकडच्या आमच्या गावची दूध संस्था बारा वर्षं चेअरमननं नव्हे, तर कुंडीतल्या एका कोलियसनं चालवली. सेक्रेटरी होते माझ्या बायकोचे थोरले मामा, आणि मामांना चालवत होतं ते झाड. मी गावात मास्तर होतो, त्यामुळे रोज सकाळी दूध घालायला आणि मामांचं ऐकायला मीच असायचो.

हे झाड आलं कुठल्याशा सहकार शिबिरातून. तिथं सगळे वक्त्याकडे बघत होते आणि मामा खिडकीतल्या कुंडीकडे. येताना ओल्या रुमालात गुंडाळलेली एक फांदी त्यांनी टोपीखाली घातली आणि एस.टी.त तीन तास मान ताठ ठेवून बसले. शेजारी साक्षात आमदार येऊन बसला तरी ते नमस्काराला वाकले नाहीत. फांदीनं मुळं धरली आणि पान निघालं ते असं की मध्ये वांगी, भोवती तांबडं, कडेला पोपटी. इरकलीचा काठच म्हणा. कुंडी संस्थेच्या खिडकीत आतल्या बाजूला. सकाळचं ऊन चालायचं; दुपारचं आलं की मामा स्वतःचं उपरणं पडद्यासारखं टांगायचे आणि उघड्या खांद्यांनी कामकाज बघायचे. रोज दार उघडलं की पहिलं काम कुंडी थोडी फिरवायचं, कारण सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळणं म्हणजेच सहकार, अशी त्यांची व्याख्या होती. फुलाचा तुरा दिसला की दुधाची रांग थांबवून ते तो आधी खुडत. मी एकदा नवा गॉगल लावून गेलो, तेव्हा तुरा खुडता खुडताच म्हणाले, "फुलावर गेलं की पान सुकतं, जावई. माणसाचंबी तसंच हाय."

मग तो दुष्काळ आला. टँकर आठवड्यातून दोनदा, घरटी मोजक्या घागरी. विहिरींचे तळ दिसले, कडबा संपत आला. कोलियस तर नाटकी जात. दुपारी अशी मान टाकायचं की मामांचा चेहरा पडायचा. गावाला वाटायच्या पाण्यातून त्यांनी झाडाला एक थेंब घातला नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरून प्यायचा तांब्या आणायचे. अर्धा स्वतः प्यायचे, अर्धा कुंडीत. उन्हाळाभर त्यांचे ओठ फुटलेले होते. हे झाड पावसाळ्यापर्यंत न्यायचंच, एवढा एकच ध्यास. मामी म्हणायच्या, मी तापानं फणफणले होते तेव्हा या माणसानं मला असं घोट घोट पाजलं नव्हतं.

अशात एके दिवशी गयाबाईच्या दुधाची डिग्री लागेना. दुधाचा दाटपणा मोजणारा लॅक्टोमीटर खोल बुडाला. मामा नियमाचे कडक. दुधात पाणी आहे, असं त्यांनी रांगेदेखत सांगून टाकलं. गयाबाई सत्तरीची, पण तोंडाला धार.

"पानी? हितं प्यायला घोटभर न्हाई आन तुमी दुधात बघायलाव व्हय? पानी बघायचंच आसंल तर त्या कुंडीत बघा, सेक्रेटरी."

रांग हसली. मामा हसले नाहीत. अशा भांडणाला आमच्याकडे एकच न्याय: गाय संस्थेच्या दारात आणायची आणि सगळ्यांदेखत धार काढायची.

दुसऱ्या दिवशी गयाबाईनं गाय आणली. बरगड्या लांबून मोजता याव्यात अशी. मामांनी स्वतःच्या हातानं तिला खिडकीच्या कडीला बांधलं. धार काढली, जेमतेम तांब्याभर. मामांनी चष्मा पुसला, लॅक्टोमीटर सोडला, वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. डिग्री कालचीच होती. पाणी कुणी घातलंच नव्हतं. वाळल्या कडब्यावर जगणाऱ्या गाईचं दूधच तेवढं पातळ होतं.

तेवढ्यात खिडकीकडून कुरुमकुरुम आवाज आला. खिडकीला गज नव्हते. गाईनं मान आत घातली होती आणि कुंडीत चार बोटांचे खुंट उरले होते. तिच्या ओठाबाहेर एक तांबडं पान लोंबत होतं, तेही हळूहळू आत गेलं.

गयाबाई दाव्याचं टोक उगारून धावली. पानाला बोट लावलं म्हणून याच मामांनी एकदा खुद्द चेअरमनला बाहेर काढलं होतं. मामांनी गयाबाईचा हात वरच्या वर धरला. ते गाईच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"नगा मारू, मावशी. खाऊ द्या. सा म्हैने झाले आसतील तिनं वल्लं पान बघून."