गाव उठवणारे हवालदार

आमचे हवालदार माणसाला आईबहिणीवरून कधी शिव्या देत नसत, गावावरून देत. "काय रं उंब्रजच्या बाजारबुणग्या, पाय हायती का गाढवाचं खूर?" असे एकाला, तर महाबळेश्वराखालच्या खेड्यातल्या पोराला, "पावसात कुजून आलायस व्हय?" मी हळदीच्या सांगलीचा, पलटणीतला कारकून, म्हणून मी 'हळकुंड'. दुसऱ्या महायुद्धात आम्ही लामावर, म्हणजे परमुलखात लढाईवर, गेलो ते इराकात जाऊन पडलो. त्या वाळूत आपल्या गावाचे नाव कानावर पडायचे ते त्यांच्या शिव्यांतच. एखाद्या दिवशी शिवी पडली नाही तर पोरे हिरमुसत.

ते स्वतः कराडकडच्या एका वाडीचे. साधा शिपाई म्हणून भरती होऊन हवालदार व्हायला त्यांची उमर गेली होती. तांब्यात निखारे घालून ते बाहीवरच्या फितींना इस्त्री करत. कोणी हसले तर म्हणत, "हस, हस. ह्या तीन फितींवर गावात पत हाय माझी." पेन्शन जवळ आली होती. फितींसकट घरी जायचे, याहून जास्त त्यांनी कधी काही मागितले नाही.

त्या वर्षी आमच्या धान्याच्या गोदामातून भर दुपारी एक उंदीर बाहेर आला, गरगर फिरला आणि मेला. सातारा-सांगलीच्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. उंदीर पडले की गाव उठते. लोक घरे ओस टाकून माळावर खोपी घालतात आणि प्लेग सरेपर्यंत तिथेच राहतात. हवालदारांनी मला दुभाषा म्हणून धरून नेले आणि साहेबापुढे उभे केले. साहेब विलायतेहून नवाच आलेला. म्हणाला, उंदीर मेला हे तर बरेच झाले. हुकमाशिवाय बराक सोडाल तर पळपुटे ठराल. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी इराकात पाहिला, आणि त्याला सलामही ठोकला.

दुसऱ्या दिवशी आणखी उंदीर पडले. मग हवालदारांनी कोणाला विचारले नाही. आमच्या तुकडीला अंथरुणे उचलायला लावली आणि तारेच्या कुंपणापलीकडे उघड्या वाळूत नेऊन सोडले. गोदाम राखणीवाचून राहू नये म्हणून स्वतः रायफल घेऊन फाटकाबाहेर बसले. सकाळी तिथेच त्यांना कैद केले.

शेजारच्या बराकीतली माणसे हुकूम पाळून आत राहिली. काखेत गाठी येऊन त्यांतली कितीतरी गेली, आमच्यातला एकही गेला नाही. मग साहेबाने सगळी छावणी वाळूत तंबूंत हलवली, आणि या दूरदृष्टीबद्दल वरच्यांनी त्याची पाठ थोपटली. आजही आठवले की अंगाचा तिळपापड होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकले होते, इथे चोराला वर हारही घातला.

खटल्याच्या वेळी हवालदारांना एक वाट ठेवली होती. पोरे भिऊन पळाली, मला आवरली नाहीत, एवढे म्हटले तर फिती राहणार होत्या. तर्जुमा करता करता मी हळूच म्हणालो, "आवं, म्हणा की तेवढं. आमी पळालो म्हणून सांगतो सगळे."

"मग तुमच्या गावात तुमाला कोण उभं करंल?" ते म्हणाले. "सांग त्याला, पोरं पळाली न्हाईत. मी न्हेली."

प्लेगातून वाचवायलाच नेले, हे आम्ही सगळ्यांनी सांगितले, पण साक्षी ऐकतो कोण? भर परेडीत त्यांच्या फिती उसवल्या, पेन्शन बुडवली आणि पळपुटेपणाचा ठपका ठेवून त्यांना घरी धाडले.

लढाई संपल्यावर मी त्यांच्या वाडीला गेलो. चावडीवर उभे राहून खरे काय ते चार लोकांना ओरडून सांगायचे, हे डोक्यात घेऊनच गेलो होतो. हवालदार मला रानातल्या खोपीत भेटले. आदल्या हिवाळ्यात वाडीत प्लेग येऊन गेला होता. पहिला उंदीर पडला तसे ते चावडीवर गेले होते, गाव उठवा म्हणून. दिवस गुऱ्हाळाचे, रस काहिलीत चढलेला, कोणाला उठायचे नव्हते. पाटील म्हणाला, "पळून आल्याला गडी आता आमाला बी पळवाय निघालाय." लोक हसले. हवालदारांनी घरची माणसे बाहेर काढली, पण लेक गावातच, खालच्या आळीत दिलेली होती. तिला आणायला गेले तर व्याह्याने दारातूनच परत लावले. लेक त्या घरातच प्लेगाने गेली, आणि तिच्या मागोमाग व्याहीही गेला.

हे सगळे त्यांनी जेवायला पाटावर बसल्यासारखे शांतपणे सांगितले. मला मात्र राहवेना. मी त्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धारल्या, पाटलाच्या उद्धारल्या, मेलेल्या व्याह्यालाही सोडले नाही. हवालदारांनी सगळे ऐकून घेतले. मी थकून गप्प झाल्यावर म्हणाले,

"इवायाला बोलू नगंस. भला माणूस हुता. फिती असत्या तर त्यानं ऐकलं असतं रं माझं."