नाव न घेता मानलेले आभार

आमच्याकडे सभा कशीही होवो, आभारप्रदर्शन झाल्याशिवाय कुणी उठत नाही. माइकवाला, सतरंज्या देणारा, चहा करणारी, सगळ्यांची नावं घ्यायची आणि तीही पूर्ण. एखाद्याचं राहिलं तर तो वर्षभर तोंड फिरवून जातो. युनियनमध्ये हे काम माझं. मी नागपूरबाहेरच्या एका कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवते, आणि बी.ए. झाले म्हणून सेक्रेटरीपण माझ्याच गळ्यात पडलं. कुणाचं नाव विसरत नाही याचा मला गर्व होता. होता, असंच म्हणते.

तो गर्व घरून आला होता. माझ्या आजोबांचं नाव केरकचऱ्यावरून ठेवलेलं. छप्पन साली ते दीक्षा घेऊन आले, आणि पुढे घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराचं नाव त्यांनी स्वतः निवडून ठेवलं. कुणी अर्धं नाव घेऊन हाक मारली तर हातातला घास खाली ठेवायचे. माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याचं पूर्ण नाव घ्यायचं, हे मी त्यांच्या पंगतीत शिकले.

आमच्या अध्यक्षबाई त्यांच्याहून कडक. मालकाला द्यायच्या अर्जावर कुणी नुसती सही केली की त्या कागद परत सरकवत. "नाव लपवाचं असन त सही काहून करतं वं?"

आम्ही ज्या परदेशी कंपनीचे शर्ट शिवतो, त्याच कंपनीचे शर्ट दूरच्या एका देशातही शिवले जातात. तिथल्या एका बाईशी माझी फोनवर ओळख झाली होती. ती बाह्या शिवायची. भाषांतर फोनच करायचा, कधी नीट, कधी काहीच्या बाही. आम्ही एकमेकींना सुई घुसलेल्या बोटांचे फोटो पाठवायचो. एकदा मी मोठ्या तोऱ्यात काटोलच्या संत्र्यांचा फोटो पाठवला, तर तिनं आपल्या अंगणातल्या संत्र्यांचा उलट पाठवला. मी जरा खट्टूच झाले.

मग एका सकाळी तिचा निरोप आला. त्यांच्या युनियनच्या सेक्रेटरीला कारखान्याच्या फाटकावर भरदिवसा गोळ्या घातल्या होत्या. पगारवाढ मागितली, एवढाच तिचा गुन्हा. मारणारे कारखान्याच्याच गाडीतून उतरले, हे हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. "तुम्ही लिहा," तिनं कळवलं. "बाहेरून पत्र आलं की दुसरीला हात लावण्याआधी ते विचार करतात."

तीही सेक्रेटरी होती. मीही आहे. पगारवाढ मागितली म्हणून मला मालकानं फार तर दुसऱ्या लाइनवर टाकलं असतं. त्या दिवशी माझ्याकडून एकही कॉलर सरळ शिवली गेली नाही.

रविवारी गांधीबागेत, कापडाच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत सभा झाली. पत्र मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. एक्केचाळीस जणींनी खाली पूर्ण नावं लिहिली. शेवटी, सभा संपताना मानते तसे, मी पत्रातही आभार मानले: घडलेलं स्वतः पाहून आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या आमच्या भगिनीचे. पुढे तिचं पूर्ण नाव. वाचून दाखवलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीलाही खटकलं नाही. माझ्या मुलीनं इंग्रजी करून ते पत्र तिथल्या कारखान्याला आणि सरकारला धाडलं. एक प्रत तिलाही.

तिचं उत्तर लगेच आलं. "माझं नाव का?"

मग तिचा फोन बंद झाला.

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या पेनालाही नव्हतं. मान देते म्हणता म्हणता मी तिला मारेकऱ्यांच्या हाती दिलं होतं. एकोणीस दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले, म्हणजे पडून राहिले. अध्यक्षबाई घरी आल्या. उठताना म्हणाल्या, "तुह्या एकटीची चूक नाही वं. टाळ्या आमीच वाजवल्या न." मला त्यानं बरं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं.

विसाव्या दिवशी अनोळखी नंबरवरून निरोप आला. ती जिवंत होती, दुसऱ्या गावात. लोक तिच्या घरी आले होते. ती सापडली नाही, म्हणून त्यांनी तिच्या भावाचे दोन्ही हात मोडले. खाली लिहिलं होतं, "पत्र पुन्हा पाठवा. तुमची एक्केचाळीस नावं राहू द्या. माझं काढा."

मी रडले. तिनं मला एक शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

पुढच्या सभेत पत्र नव्यानं लिहिलं, सह्या झाल्या, आणि आभाराला मी उभी राहिले. माइकवाला झाला, चहा झाला, आणि मी अडले.

"बोल न वं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "काहून थांबली?"

"एक आभार राहिले," मी म्हटलं. "नाव घेत नाही."

मग सगळ्यांत आधी अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या, गुडघा धरत, आणि मागोमाग सगळ्या. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही.

म्हणून या लिखाणातही कुणाचं नाव नाही. तिचं येऊ शकत नाही, तर माझंही नको. तिचं नाव मला पाठ आहे, पूर्ण. रोज मशीनवर बसताना मनात एकदा घेते, पण तोंडातून काढत नाही.