झाकलेलं ताट

मी गाव सोडलं ते ट्रकमधून. ट्रक महाडच्या एका शेठचा, पण चालवायचा माझा दादा, म्हणून तो त्याला घरचाच म्हणायचा. घरचा ट्रक असताना बहिणीनं एसटीत उलट्या करत का जावं, असं त्याचं म्हणणं. तर पोलादपूरला, हमरस्त्यावरच्या आमच्या चहाच्या टपरीसमोर ट्रक उभा, इंजिन चालूच, आणि मी केबिनमध्ये ड्रॉइंग बोर्ड मांडीवर आडवा धरून बसलेली. आय खाली उभी होती. वडील आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून टपरी तीच चालवायची. तिनं एवढंच विचारलं, "कवा येशील गो?"

मी काय रुबाबात होते! म्हणाले, "कॉलेज आहे आय. तारीख कशी सांगणार? येईन तेव्हा येईन."

"बरं. नको सांगू," आय म्हणाली. मग बॉनेटवर थापटून दादाला, "सावकाश जा रे." हे ती दर खेपेला म्हणायची.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल तेव्हा. मुंबईत मी कमर्शियल आर्ट शिकायला गेले होते. तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना वाटायचं, पोरगी चित्रं काढायला शिकत्येय, म्हणजे गणपती रंगवणार. आणि तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना मी काय सांगू! तुम्हाला माहीतच आहे ते. लेटरिंग, ले-आउट, पोस्टर कलर, हे शब्द मी होस्टेलच्या खाटेवर बसून घोकले. तोंडातलं 'हाय' आणि 'नाय' महिन्याभरात हद्दपार केलं. वर्गात कुणी विचारलं, आधी काही काम केलंयस का, तर मी नाही म्हणायचे. खरं तर दादाच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचे दोन हिरवे पोपट मीच रंगवलेले होते, चांगले चोचीला चोच लावून.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दादा मुंबईत माल उतरवला की होस्टेलच्या फाटकाशी हॉर्न वाजवायचा. घरी जायचं असलं की त्याच्या हाती निरोप धाडायचा, की तो आयला सांगायचा, बाय अमुक वारी येत्येय. मी पोचायचे तेव्हा आय चुलीपाशी वाटच बघत असायची.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कशेडी घाटात त्याचा ट्रक दरीत गेला. चिपळूणहून येत होता, घाट जवळजवळ उतरलाच होता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारच्या काकी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "तुझ्या आयनं त्या संध्याकाळी ताट वाढून झाकून ठेवलंवतं गो त्याच्यासाठी." हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

त्यानंतर मी घरी जायचे ती न सांगताच. निरोप न्यायला कोण होतं? पत्र टाकलं तर ते माझ्यामागून पोचायचं. दुपारची एसटी धरायची, संध्याकाळी उतरायचं. आणि दर वेळी चुलीशेजारी तेच ताट. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेलं, वर टोपाचं झाकण, झाकणावर मांजरासाठी दगड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दाराशीच उभी राहिले. आय म्हणाली, "बस, जेव," आणि तेच ताट पुढे सरकवलं. मी म्हटलं, "हे नको. मला दुसरं वाढ." तिनं दुसरं घेतलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी हात लावला नाही. मग तिनं ते पुढे करणं सोडलं, पण ताट काही चुलीपासून हललं नाही.

मी खुळी झाले म्हणा. होस्टेलच्या मेसमध्ये उशीर झाला की बाई एकावर एक ताट पालथं घालून जेवण ठेवायच्या. ते वरचं ताट मला उचलवायचं नाही. वाटायचं, खाली दादाचं उष्टं असेल. चार बोटं फिरवलेला भात असेल. मी उपाशी झोपायचे आणि पोट बिघडलंय म्हणून सांगायचे.

शेवटच्या वर्षी वाहतूक खात्याची रस्ता सुरक्षेवर पोस्टर स्पर्धा निघाली. पहिल्या आलेल्या पोस्टरच्या हजारो प्रती छापून रस्त्यारस्त्यावर लावणार होते. आमच्या सरांनी नेमकं मलाच नाव द्यायला लावलं. त्यांना दादाचं ठाऊक नव्हतं. पहिल्या रफमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रात, मी घाट काढला, वळण, दरी, उलटलेला ट्रक आणि लालभडक रक्त. सर म्हणाले, "हे सिनेमाचं पोस्टर झालं. कमी कर." मी रक्त काढून टाकलं. "अजून कमी." दरी गेली. ट्रक गेला, फक्त फाळका राहिला, त्यावर दोन पोपट. तो रफ मीच फाडला, कुणाला दाखवला नाही. मग बरेच दिवस कागद कोराच. "तुला भीती कशाची वाटते, ते काढ," सर सहज बोलून गेले आणि दुसऱ्या मुलीच्या टेबलाकडे वळले.

मी ताट काढलं. काळ्या कागदावर जर्मनचं ताट, झाकण, दगड. पोचा काढला, मग खोडला, मग परत काढला, कारण त्याच्याशिवाय ते कुणाचंच ताट नव्हतं. खाली शब्द होते: 'सावकाश या. ताट झाकून ठेवलंय.' सरांनी तेवढं एकदा काहीच कमी करायला सांगितलं नाही.

नंबर आला, पहिला. वर्गानं खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि मला एकच धसका: आय बघेल. तिचं दुःख मी बाजारात मांडलं होतं, तिला न विचारता. पोस्टर लागायला लागली तशी मी घरी जायचं टाळू लागले. शेवटी राहवेना, म्हणून गेले. एसटीतून उतरले तर पोस्टर आमच्या टपरीच्या पत्र्यावरच! खात्याच्या माणसानं घाटाच्या तोंडाशी मोक्याची जागा बघून चिकटवलं होतं. आय त्याच्याखाली बसून कप विसळत होती.

"तूच काढलंयस ना?" ती म्हणाली. "पोचा आपला हाय."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "आय, चुकलं. दादाचं ताट मी असं..."

"दादाचं?" तिनं कप खाली ठेवला. "त्याचं कसं आसंल? गेलेल्याला पान वाढतात, बाय. सर्वपित्रीला, बाहेर, कावळ्यासाठी. ताट कोन झाकून ठेवतो?"

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! लहानपणापासून वडिलांचं पान मीच तर अंगणात नेऊन ठेवायचे.

"त्यो व्हता तवर तुझा निरोप तरी यायचा," आय म्हणाली. "त्यो गेला, मग कोन सांगनार? तू तर तारीख सांगत नाय. म्हनून रोज ठेवते. तू हात लावत नव्हतीस. मला वाटलं, मुंबईचं खाऊन आता आयच्या हातचं गोड लागत नाय तुला."

इतकी वर्षं मी त्या घरात दादाचं भूत शोधत होते. त्या घरात भूत होतं ते माझंच, आणि आय त्याला रोज जेवायला वाढत होती. आम्ही टपरीमागे घरात गेलो. मी दगड बाजूला ठेवला, झाकण उचललं. तांदळाची भाकरी होती आणि सुकटीचं कालवण. मी जेवले. आय समोर बसून बघत राहिली, स्वतः जेवायचं विसरली.

पुढे मला जाहिरात कंपनीत नोकरी लागली, मी मुंबईचीच झाले. जमेल तेव्हा जायचे, न सांगता, आणि ताट असायचंच. काही वर्षांनी एका सकाळी तार आली. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आयला बाहेर ठेवलं होतं. आत चुलीजवळ ताट होतं, आदल्या संध्याकाळचं, वर दगड. मी बसले आणि झाकण काढलं. काकी धावत आल्या, "आगो, असं खायाचं नसतं आज, ठेव ते." भाकरी वातड झाली होती. मी सगळी खाल्ली, मग बाहेर गेले.

घर अजून आहे, चुलतभाऊ राहतो. त्याची बायको मायाळू आहे, कधीही या म्हणते. पण आता पोलादपूरला जायचं असलं की मी आधी फोन करते.