कुंदाबाईंचे शहामृग

कुंदाबाई शाळेत यायच्या त्या खाली बघतच. पांढरकवड्याच्या रस्त्यात कोणी विचारलं, “काय हरवलं मॅडम?” तर म्हणायच्या, “माझं काही नाही. या जमिनीचं हरवलं, ते पाहून राह्यली.”

त्या भूगोल शिकवत, मी रसायनशास्त्र. नाल्याच्या काठात त्यांना नखाएवढे, किंचित वाकलेले तुकडे सापडले होते. हजारो वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या अंड्यांची टरफलं, असं त्यांचं म्हणणं. कापसाच्या आधी इथं गवत होतं, त्यात शहामृग चरत हिंडायचे, हे त्या जणू कालच बघितल्यासारखं सांगत. कापूस बुडाल्याच्या त्या वर्षांत पोरं घरूनच गप्प होऊन येत. बाईंच्या तासाला तेवढी बोलत. “एका पिकानं जमिनीची गोष्ट संपत नाही बाप्पा,” हे बाईंचं नेहमीचं वाक्य. माझ्या तासाला पोरं गप्पच बसत.

स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा होई, तीत मी पुढे. “गावात लोक मरून राह्यले अन् तुम्ही अंडे वेचून राह्यल्या,” असं एकदा तोंडावर म्हणालो.

मग तो काठ वीटभट्टीच्या मातीसाठी खणायचं ठरलं. जाणकार येऊन बघेपर्यंत थांबा, असं शाळेनं तहसीलला कळवावं, एवढंच बाईंचं मागणं. मुख्याध्यापकांनी तुकडा आधी मला तपासायला दिला. भिंगातून त्यावरची बारीक छिद्रं मला स्पष्ट दिसली. चुनखडीला अशी छिद्रं नसतात. तरी दहावीच्या पोरांसमोर मी त्यावर आम्ल टाकलं. तुकडा फसफसला. “चुनखडी,” मी म्हणालो. पोरं हसली. टरफलही तसंच फसफसतं, हे मी सांगितलं नाही. दारात उभ्या असलेल्या बाईही काही बोलल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात काठ गेला.

बऱ्याच वर्षांनी त्या यवतमाळच्या दवाखान्यात होत्या, तेव्हा जाऊन मी सगळं कबूल केलं.

“मले ठाऊक होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “टरफल फसफसते, एवढं मलेही समजते.”

“मग तेव्हा बोलल्या काहून नाही?”

“पोरं पाहून राह्यले होते. त्या साली त्यायच्या घरी कोणाचाच शब्द खरा होत नव्हता. मास्तरही खोटा निघाला असता, तं त्यायनं भरवसा कोणावर ठेवला असता?”

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

ती पोरं आता चाळिशीत असतील. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर सांगतो, ते टरफलच होतं. मास्तर खोटा होता.