लाल दिवा, कोबीच्या गोण्या आणि साखरपुड्याची अंगठी

हसा, खुशाल हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या! असला येडेपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही कुठं? भर सासुरवाडीत!

आमची मोटारसायकल वडिलांच्या वेळची. म्हातारी झालीय, पण एका किकला चालू! मीटरमधले बल्ब तेवढे कधीचेच गेलेले. साखरपुड्याला जायचं म्हणून हौसेनं श्रीरामपूरला जाऊन सगळे नवे बसवून घेतले. गॅरेजवाल्यानं गाडी चालूच करून हातात दिली आणि मी थेट बेलापूरला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवराला मेहुणीचा साखरपुडा. नवरदेवाची अंगठी कुणाच्या खिशात? माझ्या! बायको, सुनंदा, पैठणी नेसून दारात उभी. मी चावी फिरवली आणि बघतो तर काय! मीटरमध्ये लालभडक दिवा! त्यावर बॅटरीचं चित्र!

"सुनंदा, मागं सर! बॅटरी गेली!"

"अहो, किक तर मारा."

"किक? लाल दिवा असताना? सगळं वायरिंग जळेल!"

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! माझं मलाच सुचलं!

बाह्या सरसावल्या. बॅटरीच्या वायरी सोडल्या, टोकं पॉलिश पेपरनं घासली, परत जोडली. चावी फिरवली. लाल!

तेवढ्यात शेजारचे बशीरभाई आले. भाजीचा टेम्पो आहे त्यांचा. भला माणूस! स्वतःच्या मोटारसायकलची नवीकोरी बॅटरी काढून आणली. ती लावली, चावी फिरवली, आणि काय सांगू, दिवा आणखीच लखलखला!

"बघा! नव्या बॅटरीनं तर जास्तच भडकला! फॉल्ट लई खोल हाय, बशीरभाई!"

"मास्तर, येकदा किक मारून तर बघा."

"अहो, तुमचीही बॅटरी जाईल!"

त्यांनी झटकन आपली बॅटरी काढून घेतली.

फोन वाजला. सासरे! "जावईबापू, कुठवर आलात? पाहुणे खोळंबलेत!"

"हे काय, पोचतोच!" दिलं ठोकून. इकडं हात कोपरापर्यंत काळे!

सुनंदा म्हणाली, "गाडी राहू द्या, बशीरभाईंच्या टेम्पोतनं जाऊ." पण मी ऐकतोय? मंगल कार्यालयाच्या समोरच गॅरेज होतं. म्हटलं, गाडीपण टेम्पोत घालू, एका खेपेत दोन्ही कामं!

निघाली वरात! बायको पुढं बशीरभाईंच्या शेजारी. मी मागं, कोबीच्या गोण्यांत, दोन्ही हातांनी गाडी कवटाळून. प्रत्येक खड्ड्याला एक हात खिशावर, अंगठी आहे ना!

कार्यालयापुढं टेम्पो थांबला तर दारात सगळी सासुरवाडी. "दाजींना अपघात झाला!" मेहुणी किंचाळली. सासरे धावत आले. अंगठी त्यांच्या हातात दिली आणि गाडी गॅरेजसमोर उतरवली. आता सरळ आत जावं की नाही? पण नाही, मी गॅरेजवाल्या सायमनदादांना पहिल्यापासून सगळी कहाणी सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. भोवती ही गर्दी!

त्यांनी चावी फिरवली. लाल दिवा.

"बघा! बघा!" मी ओरडलो.

त्यांनी किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू! आणि दिवा गप्पकन विझला.

मी कपाळावर हात मारला. "घ्या! आता बल्बपण उडाला!"

सायमनदादांनी माझ्याकडं बघितलं. "दाजी, चावी दिली की ह्यो दिवा लागतो. गाडी चालू झाली की इझतो. इझला न्हाई, तर माझ्याकडं यायचं."

मग सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, सकाळपासून एकदाही किक मारली नाहीत?"

पुढचं काही ऐकूच आलं नाही, एवढा हशा! नवरदेव स्टेजवरून उतरून बघायला आला, बोला!

कार्यक्रम झाल्यावर घरी निघताना सुनंदानं माझ्यापुढं हात पसरला. "चावी इकडं द्या."

तेव्हापासून आमच्या घरात चावी ती फिरवते. मला तोंड दुसरीकडं करून फक्त किक मारायची परवानगी आहे!