दोन तासांनंतरची साखर

मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि आम्ही कसब्यातली खोली सोडून विश्रांतवाडीला फ्लॅटमध्ये आलो. तिथे माझी सकाळची भाकरी बंद झाली. मला साखरेचा आजार, म्हणून दुधात कॉर्नफ्लेक्स आणि वर खोक्यातला मोसंबीचा रस. खोक्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं इंग्रजीत लिहिलंय, असं मुलाने वाचून दाखवलं होतं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तांदळातला खडा दिसेना, मग समोरच्याचं तोंडही दिसेना. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा साखर जास्त म्हणून परत पाठवलं.

घरी मुलगा रोज सकाळी मी उपाशी असताना साखर तपासायला माझं बोट टोचायचा. आकडा चांगला यायचा. हॉस्पिटलात न्याहारीनंतर तपासायचे, तिथे आकडा वर. यावरून माझ्या इंजिनिअर मुलाने काय अर्थ काढला? आई चोरून गोड खाते.

दुसऱ्यांदा परत आलो त्या दिवशी त्याने माझी देवळात न्यायची पिशवी पलंगावर उपडी केली. जपमाळ, रुमाल, बसचं तिकीट.

“आई, खरं सांग. देवळात प्रसाद किती खातेस?”

“हातावर चार साखरफुटाणे ठेवतात. त्याने डोळे जात असते तर अर्धं पुणं आंधळं असतं.”

त्याला ते पटलं नाही. ज्याला वाढवलं त्याने माझी झडती घ्यावी, याचा मला अजून राग आहे.

शनिवारी त्याला सुट्टी होती. मी म्हणाले, “आज तुमचे कॉर्नफ्लेक्स आणि रसच घेते आणि तुझ्यासमोर बसते. जागची हलणार नाही. दोन तासांनी टोच.”

सून म्हणाली, “आई, जाऊ द्या ना. कशाला एवढं मनावर घेता?”

“तुझी पर्स कोणी उपडी केली की तुलाही हेच सांगेन.”

दोन तासांनी टोचलं. आकडा हॉस्पिटलातल्याहून वर. त्याने मशीन हलवून पाहिलं आणि दुसरं बोट टोचलं. तेवढाच.

रविवारी मी ज्वारीचं पीठ आणायला लावलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी हातांना भाकरी येते. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी. रस नाही. दोन तासांनी आकडा कितीतरी खाली.

“असं कसं?” तो म्हणाला. चौथी शिकलेल्या बाईला विचारत होता.

“फळाचा रस काढून चोथा टाकला की उरतं ते साखरपाणीच. खोक्यावर काही का लिहिलेलं असेना.”

महिनाभर तेच खाल्लं. ऑपरेशनची तिसरी तारीख मिळाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आजी, साखर छान उतरवलीत. काय केलंत?”

मुलगा मध्येच म्हणाला, “आम्ही घरी कडक लक्ष ठेवतो.”

“लक्ष नाही, झडती घेतात,” मी म्हणाले. “साखर भाकरीने उतरली.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं असावं, कारण तो उगाच फाइलची पानं उलटायला लागला. पानांचा आवाज मला ऐकू येत होता. मग नर्सने माझा दंड धरला आणि मला ऑपरेशनसाठी आत नेलं.